चित्रप्रवाहांतील पक्षपात

घरीं चित्रपट पाहतांना पडदा वारंवार थबकूं लागला, म्हणजे सारा दोष इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीवर टाकण्याची चाल पडली आहे. परंतु येथें दोन गोष्टींतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. ठरलेला डेटा संपल्यावर सर्वच वेग उतरणें ही कराराची अट होय. परंतु बाकी सारें सुरळीत ठेवून एखाद्याच चित्रसेवेचा वेग हेतुतः मंद करणें हा पक्षपात होय. पाटकऱ्यानें एकाच्या उसाला पाणी सोडावें व शेजाऱ्याचें अडवावें, तसाच हा प्रकार.

२०१६ सालीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें मजकुरावरून निरनिराळे दर आकारण्यास मनाई केली. २०१८ सालीं केंद्र सरकारनें वेगांतील असा पक्षपातही परवान्याच्या अटींनीं निषिद्ध ठरविला. वाजवी वाहतूक-नियमनास मात्र मुभा आहे. शिवाय मार्च २०२० मध्यें चित्रसेवांनीं स्वतःच चित्राची स्पष्टता उतरविली होती, हेंही विसरूं नये.

म्हणून गृहस्थानें प्रथम तारेनें जोडून वेग मोजावा. एकच सेवा मंद आढळल्यास दिवस व वेळ टिपून कंपनीकडे तक्रार नोंदवावी, तिचा क्रमांक जपून ठेवावा, आणि समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील-प्राधिकरणाकडे जावें. दरमहा पूर्ण मोल देणाऱ्यास हा जाब विचारण्याचा अधिकार आहे.