वऱ्हाडात धावायचं तर पांदण पकडा!

इंग्लंडमध्ये शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर लोक हौसेनं धावतात. आपल्याकडे ते काम पांदण रस्ते करतात. एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला कपाशी, गाड्यांचा त्रास जवळपास नाहीच. फक्त पावसाळ्यात तिकडे फिरकू नका. काळी माती बुटाला अशी चिकटते की एकेक पाय किलोभर जड होतो. दिवाळीनंतर वाट कडक होते; नोव्हेंबर ते फेब्रुवारी खरा हंगाम.

अमरावतीकरांसाठी वडाळी तलाव आणि बांबू उद्यानाचा परिसर उत्तम. पुढे चांदूर रेल्वे रस्त्यानं पोहऱ्याचं जंगल लागतं, चढउतारही मस्त. पण तिथे बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे अंधारात किंवा एकट्यानं नकोच. अकोलेकरांना पातूर रस्त्यावरचा कापशी तलाव.

उन्हाळ्यात अकोल्याचा पारा सहज 44 अंशांवर जातो. तेव्हा चिखलदरा गाठा. उंची सुमारे 1,100 मीटर, विदर्भात कॉफी पिकते ती इथेच. तिथला मोथा गावाकडचा रस्ता माझा सगळ्यात लाडका.

तुमच्या गावची चांगली पांदण कोणती? खाली नक्की लिहा, आणि पिकात मात्र पाय टाकू नका, भाऊ!