मोटारीची शीतन प्रणाली

मोटारीची शीतन प्रणाली ही इंजिनात निर्माण होणारी जास्तीची उष्णता बाहेर टाकून त्याचे तापमान ठरावीक मर्यादेत राखणारी यंत्रणा होय. इंधनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा या प्रणालीद्वारे बाहेर पडते. तिचाच काही भाग हिवाळ्यात गाडीच्या आतील हवा उबदार करण्यासाठी हीटरमध्ये वापरला जातो. इंजिन आणि हीटर या दोन्हींतून एकच शीतक (कूलंट) फिरत असल्यामुळे एका ठिकाणच्या बिघाडाची खूण अनेकदा दुसऱ्या ठिकाणी दिसते.

रचना व कार्य

वॉटर पंप शीतकाला इंजिनाच्या ब्लॉकमधील व सिलिंडर हेडमधील पोकळ मार्गांतून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप बंद असते, त्यामुळे शीतक रेडिएटरकडे जात नाही आणि इंजिन लवकर तापते. बहुतेक गाड्यांत सुमारे ८२ ते ९२° से. तापमानाला थर्मोस्टॅटमधील मेण वितळून प्रसरण पावते व झडप उघडते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना शीतक आपली उष्णता हवेला देते. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा पुरेसा असतो. थांबलेल्या गाडीत हे काम पंखा करतो.

शीतक हे सामान्यतः पाणी व इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण असून त्यात गंजरोधक द्रव्ये असतात. समप्रमाणातील मिश्रण सुमारे −३७° से. तापमानापर्यंत गोठत नाही. प्रणालीचे झाकण आतील दाब वातावरणापेक्षा सुमारे १ बारने अधिक राखते. त्यामुळे शीतकाचा उत्कलनबिंदू आणखी सुमारे २०° से.ने वाढतो. झाकणाची स्प्रिंग किंवा रबरी चकती निकामी झाली, तर इतर सर्व भाग सुस्थितीत असूनही शीतक उकळू शकते.

बिघाडांचे निदान

इंजिन केव्हा तापते, यावरून बिघाडाची जागा बऱ्याच अंशी कळते. वाहतूक कोंडीत तापणारे व मोकळ्या रस्त्यावर पूर्ववत होणारे इंजिन पंख्यातील दोष सुचवते. अशा वेळी फ्यूज, रिले, मोटर व तापमान संवेदक क्रमाने तपासतात. वेगात किंवा घाटाच्या चढणीवर तापणारे इंजिन हे रेडिएटर तुंबल्याचे किंवा शीतकाचा प्रवाह अपुरा असल्याचे लक्षण असते. सुरू केल्यानंतर थोड्याच वेळात इंजिन फार तापले आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकल्याची शक्यता असते. तो उघडा अडकल्यास इंजिन तापण्यास वेळ लागतो, हीटरची हवा कोमट राहते व इंधन अधिक खर्च होते.

इंजिन गरम असूनही हीटरमधून थंड हवा येत असल्यास शीतकाची कमतरता, आत अडकलेली हवा, तुंबलेला हीटर कोअर किंवा हवेची दिशा बदलणाऱ्या झडपेतील दोष ही कारणे संभवतात. गोडसर वास, समोरच्या काचेवर तेलकट धुके व पायाखालचे ओले मॅटिंग ही हीटर कोअर गळत असल्याची चिन्हे होत.

चालू प्रवासात हीटर एकाएकी थंड पडणे ही गंभीर सूचना आहे. शीतक गळून गेल्यावर संवेदक कोरडा पडतो आणि तापमानाचा काटा सामान्य स्थिती दाखवू शकतो. तशीच गाडी चालवल्यास ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते व हेड गॅस्केट निकामी होते. धुराड्यातून सतत निघणारा पांढरा धूर, दुधाळ झालेले इंजिन ऑइल आणि शीतकात सतत येणारे बुडबुडे ही त्याची लक्षणे होत.

दुरुस्ती

गळती शोधण्यासाठी थंड इंजिनावर हातपंपाने झाकणावर नमूद केलेल्या दाबाइतका दाब देतात. दाब उतरू लागल्यास होज पाइपचे जोड, रेडिएटर व वॉटर पंपाखालील छिद्र पाहतात. थर्मोस्टॅट पाण्यात टांगून पाणी तापवल्यास तो किती तापमानाला उघडतो हे दिसते. वाकलेले सिलिंडर हेड मर्यादेत असल्यास यंत्रावर सपाट करून नवीन गॅस्केट बसवतात. गळतीचे मूळ कारण न शोधता केवळ शीतक भरत राहिल्यास बिघाड वाढतो.

शीतक भरताना हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवून आतील हवा काढावी लागते. मिश्रणासाठी डिस्टिल्ड वॉटर वापरावे. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात.

दक्षता

इंजिन तापल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण क्षमतेने सुरू करावा, म्हणजे काही उष्णता बाहेर पडते. त्यानंतर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. गरम प्रणालीचे झाकण कधीही उघडू नये, कारण दाब एकदम कमी होऊन उकळते शीतक अंगावर उसळते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असल्याने सांडलेले शीतक मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवून लगेच पुसून घ्यावे.