खेळाडूच्या ताटातले मीठ

श्रोतेहो, मानखुर्दच्या पुढे लोकल गाडी वाशीच्या खाडीवरून जाऊ लागली ती 1992 साली. त्याआधी कित्येक वर्षे ही वाट मानखुर्दलाच संपत असे, आणि पुढे खाडी, खारफुटी व मिठागरे. मंडाळे, तुर्भे, चेंबूर ही सारी मिठागरांच्या नोंदीतली नावे. भरतीचे पाणी बांधाच्या आत घ्यावयाचे, उथळ वाफ्यांत ते उन्हाने आटवावयाचे आणि तळाशी जमलेले मीठ ओढून काढावयाचे, असा हा धंदा. मिठागरावर भर उन्हात राबणारा मजूर पायाखाली मीठ तुडवीत असतो, आणि त्याच वेळी त्याच्या अंगातले मीठ घामावाटे वाहून जात असते. आजच्या विषयाचे सारे कोडे या एका चित्रात आहे.

मैदानावर कबड्डी खेळणारी मुले आम्हांला दोन उलट प्रश्न विचारतात. एकजण म्हणतो, ‘पोटरीत गोळा येतो, मीठ वाढवू का?’ दुसरा म्हणतो, ‘डॉक्टर साऱ्या जगाला मीठ कमी करा म्हणून सांगतात, मग मी ते तोडू का?’ दोघांना एकच उत्तर देता येत नाही. ते का, हेच आज पाहावयाचे आहे.

आपले रक्त खारट आहे. दवाखान्यात शिरेतून देतात त्या सलाईनच्या एका लिटरात 9 ग्रॅम मीठ असते, ते रक्ताशी जुळावे म्हणून. मिठाच्या वजनाचा सुमारे दोन-पंचमांश भाग सोडियमचा. हे सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, आणि मज्जातंतूंचे संदेश व स्नायूंचे आकुंचन यांनाही ते लागते. घाम मात्र रक्तापेक्षा बराच कमी खारट असतो. एका लिटर घामात साधारणतः 1 ते साडेचार ग्रॅम मीठ सापडते. म्हणजे माणसामाणसांत चौपट अंतर! घर्मग्रंथीतून निघालेला द्रव त्वचेवर येईपर्यंत त्यातले पुष्कळसे मीठ शरीर परत ओढून घेते. आठ-पंधरा दिवस उन्हात सराव केला की ही काटकसर आणखी वाढते. उन्हाळ्याच्या पहिल्या आठवड्यात थकणारा गडी पुढे तितका थकत नाही, त्याचे हेही एक कारण.

मीठ फार गेले तर काय होते, हे प्रथम मैदानावर नव्हे तर खाणीत कळले. इंग्लंडमधील खोल, तप्त कोळशाच्या खाणींत मजुरांच्या हातापायांत जीवघेणे गोळे येत. ते घामाने निथळत आणि वरून नुसते पाणी पीत. 1923 साली मॉस या संशोधकाने याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि मजुरांना पाण्यात थोडे मीठ घालून देणे हा उपाय पुढे आला. लंडनचे डॉक्टर मॅक्कान्स यांनी तर निरोगी माणसांना बिनमिठाचे अन्न देऊन, रोज मुद्दाम घाम काढवून, मिठाची तूट घडवून आणली. 1936 साली त्यांनी निष्कर्ष मांडले: अन्नाची चव गेली, अंगात त्राण उरले नाही, स्नायूंत गोळे आले. मीठ पुन्हा मिळताच प्रकृती सुधारली.

एवढे ऐकून कोणी मिठाचा डबा जवळ ओढील, तर थोडे थांबावे आणि हिशेब करावा. 2017-18 च्या राष्ट्रीय पाहणीत भारतीय माणूस दिवसाला सरासरी 8 ग्रॅम मीठ खातो असे आढळले. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 5 ग्रॅमच्या आत राहा. आता कबड्डीचा मुलगा दीड तास खेळला आणि दीड लिटर घाम गेला असे धरू. लिटरमागे दोन ग्रॅम धरले तर गेले तीन ग्रॅम. भाकरी, आमटी, चटणी, लोणच्याची फोड यांत तेवढे मीठ रात्रीच्या आत परत येते. सकाळी अर्धा तास चालणाऱ्या गृहस्थाला तर वेगळ्या मिठाची मुळीच गरज नाही. त्याचा रक्तदाब वाढलेला असेल तर ते अपायकारकच. उलट, मुंबई मॅरॅथॉनचे 42 किलोमीटर पाच तासांत धावणाऱ्याचा ताशी एक लिटर घाम गेला, तर त्याच हिशेबाने 10 ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या जेवणाहून अधिक मीठ गेले. तात्पर्य, मिठाचे माप घामाने ठरते.

या धावणाऱ्यापुढे दुसराच धोका उभा असतो, आणि तो अधिक मोठा आहे. घामात पाणी जास्त व मीठ कमी जाते, म्हणून घामाने रक्त आधी दाट होते आणि तहान लागते. रक्त पातळ होते ते बहुधा तहानेपेक्षा जास्त पाणी ढोसल्याने. 2002 च्या बोस्टन मॅरॅथॉनमधील 488 धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शेकडा 13 जणांचे सोडियम प्रमाणाहून कमी निघाले. ज्यांचे वजन शर्यतीत घटण्याऐवजी वाढले होते, त्यांच्यात हा दोष विशेष दिसला. अशा वेळी मेंदूला सूज येऊन माणूस दगावू शकतो. डोके दुखणे, ओकारी, भ्रमिष्टासारखे बोलणे ही लक्षणे दिसली, तर ‘अजून पाणी पाज’ म्हणणे घातक ठरेल. त्याला तडक दवाखान्यात न्यावे.

मीठ तोडणाऱ्यालाही एक इशारा. कुस्तीत व कबड्डीत वजनाची अट असते. मीठ-पाणी बंद करून, घाम काढून वजन उतरवले, तर जाते ते पाणी, चरबी नव्हे. 1997 साली अमेरिकेत असे करताना महिन्याभराच्या अवधीत तीन विद्यार्थी मल्ल मरण पावले. काटा जिंकून जीव हरण्यात पुरुषार्थ कोणता?

मग करावे काय? खेळाआधी व नंतर, घामाचे कपडे उतरवून वजन करावे. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर घाम. काळ्या बनियनवर वाळल्यावर पांढरे डाग पडत असतील, तर आपला घाम अधिक खारट असण्याचा संभव आहे. तासाभराच्या खेळाला पाणी पुरे, तेही तहानेप्रमाणे. दोन तासांच्या पुढे, घाम निथळत असेल तर, लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे. साखर का? आतड्यात साखर व सोडियम हातात हात घालून आत शिरतात आणि पाण्यालाही ओढून नेतात. याच तत्त्वावर 1971 साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचवले. आपले कैरीचे पन्हे आणि लिंबाचे सरबत याच कुळातले. पूर्वी खेळाडूंना मिठाच्या गोळ्या देत. त्या नुसत्या गिळल्याने पोट ढवळते, म्हणून ती चाल मागे पडली. पोटरीतला प्रत्येक गोळा मिठाच्या तुटीचा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. थकलेला स्नायूही आखडतो. तो हळूहळू ताणला की सुटतो. ज्यांना रक्तदाबाचा वा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून यातले काहीही करू नये.

मिठागरातला मजूर आणि मैदानातला गडी, दोघांनाही मीठ लागते ते घामापुरते. जेवढे गेले तेवढे परत द्यावे. न गेलेल्याची भरपाई करू नये. आपल्या मुलांच्या हाती पाण्याची बाटली देताना एवढे सांगितलेत, तरी आजच्या संध्याकाळचे चीज झाले असे आम्ही समजू.