यंत्राच्या कानी कोणाची वाणी?

गतवर्षी हिवाळ्यात वसतिगृहातील काही विद्यार्थी शेतीविषयक प्रकल्पाचे टिपण तयार करीत होते. लिहिण्याचा त्रास नको म्हणून त्यांनी मोबाईलपुढे बोलून मजकूर उतरवून घेण्याचा मार्ग पत्करला. पुस्तकी वाक्ये यंत्राने बिनचूक लिहिली. मात्र सातवीतील एक विद्यार्थी “माह्या बापानं तुरीवर फवारा मारला व्हता” असे म्हणताच पडद्यावर भलतेच शब्द उमटले. मुले हसली. ज्याचे वाक्य होते तो मान खाली घालून म्हणाला, “सर, माहं बोलनंच अशुद्ध हाय.” चूक यंत्राची होती आणि शरम मुलाला वाटली. प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण हेच होय.

यंत्र बोलणे ओळखते म्हणजे नेमके काय करते, हे प्रथम पाहू. ध्वनीची लहर सेकंदाच्या काही शतांशांएवढ्या लहान तुकड्यांत विभागली जाते आणि प्रत्येक तुकड्याचे अंकांत रूपांतर होते. हे अंक एका विशाल गणिती रचनेतून जातात. तिला मॉडेल म्हणतात. मॉडेल प्रारंभी केवळ अंदाजाने अक्षरे सांगते. तेच बोलणे माणसाने ऐकून लिहून ठेवलेले असते. त्या लेखनाशी अंदाजाची तुलना होते आणि चूक कमी होईल अशा बेताने मॉडेलमधील आकडे थोडेथोडे बदलले जातात. शेकडो, हजारो तासांच्या बोलण्यावर ही क्रिया पुनःपुन्हा घडली की यंत्र शिकले, असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याने जे ऐकले त्याचे नमुने त्याच्यात ठसलेले असतात. जे त्याच्या कानी कधी पडलेच नाही, तेथे ते अडखळणारच.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट परकी वाटू नये. शिलालेख, ताम्रपट, दफ्तरे आणि बखरी या साधनांवरून आपण भूतकाळ उभा करतो. पण ही साधने ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी निर्माण केली. ज्यांना लेखणी धरू दिली नाही, ते त्या कागदांत आले तर इतरांच्या शब्दांत आले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत माहितीसाठा हेच साधन होय, आणि ‘हे साधन कोणाचे?’ हा इतिहासकाराचा पहिला प्रश्न येथेही पहिलाच ठरतो.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधक जॉय बुओलामविनी यांनी तिम्नित गेब्रू यांच्यासह २०१८ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. छायाचित्रावरून व्यक्ती स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यापारी यंत्रणा त्यांनी तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के आढळले. गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. अशा यंत्रणांच्या चाचणीसाठी प्रचलित असलेले दोन छायाचित्रसंग्रहही त्यांनी पाहिले. त्यांत उजळ वर्णाच्या व्यक्तींचे प्रमाण अनुक्रमे ७९.६ व ८६.२ टक्के होते. परीक्षेच्या कागदावर ज्यांचे चेहरे जवळजवळ नव्हतेच, त्यांच्याबाबतची चूक परीक्षेत उघड होणार तरी कशी?

चेहऱ्यांविषयी जे खरे, तेच वाणीविषयी. आपल्या देशात या प्रश्नावर काम करणारे एक महत्त्वाचे केंद्र चेन्नईच्या आयआयटी मद्रास या संस्थेत आहे. ‘एआय फॉर भारत’ हे त्याचे नाव. भारतीय भाषांसाठी वाणी ओळखणे, भाषांतर करणे आणि लिखित मजकूर वाचून दाखवणे ही त्याची प्रमुख कार्यक्षेत्रे होत. प्रा. मितेश खापरा, प्रत्युष कुमार आणि अनूप कुंचुकुट्टन यांची नावे या कामाशी निगडित आहेत. जुलै २०२२ मध्ये रोहिणी व नंदन निलेकणी यांच्या ३६ कोटी रुपयांच्या देणगीतून तेथे निलेकणी केंद्र सुरू झाले. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ या राष्ट्रीय भाषा-भाषांतर उपक्रमासाठी माहितीसाठा जमवण्याचे कामही या केंद्राने हाती घेतले आहे.

या केंद्राच्या ‘इंडिकव्हॉइसेस’ या प्रकल्पाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार त्यात २२ भाषांमधील, १४५ जिल्ह्यांतील १६,२३७ व्यक्तींचे ७,३४८ तासांचे बोलणे नोंदवले गेले होते. त्यापैकी वाचून दाखवलेला भाग अवघा ९ टक्के. ७४ टक्के बोलणे उत्स्फूर्त आणि १७ टक्के संभाषणाच्या स्वरूपाचे होते. या विभागणीत मोठे शहाणपण आहे. कागद हाती दिला की माणूस कागदाची भाषा बोलतो. ‘काल दिवसभर काय केले?’ असे विचारले की तो घरची भाषा बोलतो. यंत्राला घरची भाषा कळावयाची असेल, तर ती तशीच ऐकवावी लागते.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे ही ध्वनिमुद्रणे दोन पातळ्यांवर लिहून घेतली जातात. पहिल्या पातळीवर बोलणाऱ्याने जसे उच्चारले तसे, आणि दुसऱ्या पातळीवर त्याचे प्रमाण रूप. आमच्या विद्यार्थ्याचेच वाक्य घेऊ. पहिल्या पातळीवर ‘व्हता’ लिहिले जाईल, दुसऱ्या पातळीवर ‘होता’. एकाने दुसऱ्याला खोडलेले नाही. दोन्ही शेजारी उभे आहेत. आम्ही तीसहून अधिक वर्षे वह्या तपासल्या. तांबड्या शाईने ‘व्हता’ खोडून वर ‘होता’ लिहिले, आणि खोडलेला शब्द कोणाच्या घरातून आला याचा विचार क्वचितच केला. प्रमाणभाषा शिकवणे आवश्यकच आहे, कारण परीक्षा, न्यायालय आणि कचेरी यांची दारे तिनेच उघडतात. परंतु ती शिकवताना मुलाच्या बोलीला चूक म्हणण्याचे कारण नाही, हे भान आम्हास एका संगणकीय प्रकल्पाने पुन्हा दिले, ही कबुली येथे देणे आम्ही कर्तव्य समजतो.

संशोधनाचा उपयोग प्रयोगशाळेबाहेर कसा होतो? २०२३ साली याच केंद्राने ‘इंडिकट्रान्स-२’ हे भाषांतराचे मॉडेल प्रसिद्ध केले. त्यासाठी सुमारे २३ कोटी वाक्यजोड्या वापरल्या गेल्या. हे मॉडेल मुक्त परवान्याने सर्वांना खुले आहे. एखाद्या लहान संस्थेलाही ते घेऊन स्वतःचे साधन घडवता येते. त्याच वर्षी ‘जुगलबंदी’ नावाचा संवादसाहाय्यक हरियाणातील बिवान या गावी वापरून पाहण्यात आला. गावकरी व्हॉट्सॲपवर आपल्या भाषेत शासकीय योजनेविषयी विचारी. प्रश्न इंग्रजीत जाई, माहिती शोधली जाई आणि उत्तर पुन्हा त्याच्या भाषेत येई. यातील भाषेचे काम या केंद्राच्या मॉडेलांनी केले, तर उत्तर तयार करण्यासाठी एका परदेशी कंपनीचे मॉडेल वापरले गेले. ज्या वृद्धेला अर्ज वाचता येत नाही, तिला निवृत्तिवेतनाची माहिती मध्यस्थाविना मिळणे, ही लहान बाब नव्हे. अर्थात यंत्राचे उत्तर चुकूही शकते. म्हणून ते अंतिम न मानता मूळ शासननिर्णयाशी ताडून पाहणे अगत्याचे.

मर्यादाही सांगितली पाहिजे. वर उल्लेखिलेल्या २२ भाषा म्हणजे संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषा होत. १९५० साली या अनुसूचीत १४ भाषा होत्या. पुढील घटनादुरुस्त्यांनी त्यांची संख्या २२ झाली. मराठी प्रारंभापासून तीत आहे. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार एक कोटीहून अधिक लोकांची असलेली भिली आणि सुमारे ३० लाख लोकांची गोंडी या भाषा अनुसूचीत नाहीत. २४,८२१ लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवलेली संस्कृत आहे. कोणत्याही भाषेचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही. जी यादी शासनाच्या कागदावर होते तीच पुढे यंत्राच्या स्मृतीत उतरते, एवढेच दाखवावयाचे आहे. गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलीसाठी काम अद्याप बाकी आहे.

हे काम कोण करणार? आमच्या मते, ज्यांची वाणी राहून गेली त्यांच्याच मुलांनी ते केले पाहिजे. बोलणे देणारा एवढीच आपली भूमिका राहू नये. ते लिहून घेणारा, तपासणारा आणि मॉडेल घडवणारा येथपर्यंत आपण पोहोचले पाहिजे. त्यासाठीची एक वाट पूर्वीइतकी अरुंद राहिलेली नाही. याच आयआयटी मद्रासने २०२० साली डेटा सायन्स विषयाचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईई परीक्षेची अट नाही. काही आठवड्यांचा पात्रता-अभ्यास पूर्ण करून त्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास प्रवेश मिळतो, आणि प्रवर्ग व कौटुंबिक उत्पन्न यांनुसार शुल्कात सवलतही आहे. दहावीनंतर गणित सोडू नका, असा आग्रह आम्ही मुलामुलींना धरतो तो यासाठीच.

त्या सातवीतील विद्यार्थ्याला आम्ही एक दोनशे पानी वही दिली. सुटीत घरी गेल्यावर आजीच्या तोंडचे शेतीचे शब्द लिहून आण, असे सांगितले. डाव्या रकान्यात आजी म्हणते तसे आणि उजव्या रकान्यात पुस्तकात असते तसे. उन्हाळ्यानंतर तो परतला तेव्हा वहीत १४० शब्द होते. त्यांपैकी ३१ शब्दांपुढचा उजवा रकाना कोरा होता. “सर, यांना पुस्तकात शब्दच नाही,” तो म्हणाला. या वेळी त्याची मान खाली नव्हती.