प्रोत्साहन भत्ता, शासकीय

शासकीय कर्मचाऱ्याने अवघड क्षेत्रातील सेवा स्वीकारावी किंवा आपले काम अधिक चांगले करावे, यासाठी नियमित वेतनाव्यतिरिक्त त्यास देण्यात येणारी रक्कम. तिचे दोन प्रकार संभवतात : (1) विशिष्ट क्षेत्रातील नियुक्तीबद्दल मिळणारी व (2) कामाच्या मोजता येण्याजोग्या फलितावर अवलंबून असणारी.

महाराष्ट्र शासनाने 6 ऑगस्ट 2002 च्या निर्णयान्वये आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रांतील कर्मचाऱ्यांना मूळ वेतनाच्या 15 टक्के (किमान 200 व कमाल 1,500 रु.) मासिक भत्ता मंजूर केला; तसेच तेथील सेवाकाळापुरती एकस्तर वरची वेतनश्रेणी देऊ केली. ही योजना पहिल्या प्रकारात मोडते.

अशा योजनेची मर्यादा पालघर जिल्ह्यात (स्थापना 2014) स्पष्ट दिसते. अनुसूचित क्षेत्रांविषयीच्या 1985 च्या आदेशात जव्हार व मोखाडा हे संपूर्ण तालुके, तसेच पालघर तालुक्यातील बोईसर, बेटेगाव इ. गावे अंतर्भूत आहेत. बेटेगाव हे बोईसर रेल्वे स्थानक व तारापूर औद्योगिक वसाहत यांच्या निकट आहे. मोखाडा तालुक्यात मात्र रेल्वे नाही आणि तेथील पाडे डोंगराळ भागात विखुरलेले आहेत. केवळ क्षेत्र हाच निकष धरल्यास दोन्ही ठिकाणच्या सेवेचे मोल सारखेच ठरते. साहजिकच कर्मचाऱ्यांचा ओढा सोयीच्या गावाकडे राहतो व त्याची झळ दुर्गम पाड्यांना पोहोचते. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे 1992 मध्ये कुपोषणामुळे बालके दगावली. अशा ठिकाणी आरोग्यसेवकाची प्रत्यक्ष उपस्थिती हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

दुसऱ्या प्रकाराची परीक्षा आंध्र प्रदेशातील सरकारी प्राथमिक शाळांत 2005 पासून घेण्यात आली. विद्यार्थ्यांच्या प्रगतीनुसार शिक्षकांना अधिलाभांश दिल्यावर गणित व भाषा या दोन्ही विषयांत सुधारणा आढळली. याउलट, राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात परिचारिकांची हजेरी वेतनाशी जोडली असता प्रारंभी उपस्थिती वाढली. परंतु वरिष्ठांनी अनुपस्थितीस सवलती देण्यास सुरुवात करताच योजना निष्प्रभ झाली.

मोजता येणाऱ्या कामासच मोबदला मिळू लागला, की न मोजता येणारे काम मागे पडण्याचा धोकाही असतो. रुग्णाची आस्थेने केलेली विचारपूस कोणत्याही तक्त्यात बसत नाही. म्हणून दुर्गमतेनुसार भत्त्याची श्रेणी, निवासाची सोय, ठरावीक मुदतीनंतर बदलीची हमी व निष्पक्ष देखरेख यांची जोड मिळाल्यासच आर्थिक प्रोत्साहन परिणामकारक ठरते.