विश्लेषण : घाम गाळणारा राखीव खेळाडू संघ सोडतो, तेव्हा निष्ठा कोणाची तपासायची?

अमेरिकेत दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा संपते आणि चाहत्यांचा दुसरा हंगाम सुरू होतो. कोण राहणार, कोण जाणार, कोणाच्या जागी कोण येणार, याचीच चर्चा चालते. मोठा खेळाडू गेला तर चाहते हळहळतात, पण त्यात त्यांना नवल वाटत नाही. मनाला लागते ते बाकावरून येऊन वर्षानुवर्षे राबलेल्या खेळाडूचे जाणे. ‘आपला’ म्हणून ज्याच्याकडे पाहिले तोच दुसऱ्या विद्यापीठाची जर्सी घालतो, तेव्हा ती गद्दारी मानायची की त्याचा हक्क? या वादामागे बदललेले नियम, न्यायालयाचे निकाल आणि साधा हिशेब आहे. तो समजून घेऊ.

वादाचे ठळक उदाहरण कोणते?

इंडियाना राज्यातील परड्यू विद्यापीठाचा संघ २०२४ मध्ये अंतिम फेरीत पोहोचला होता. अंतिम चार संघांत स्थान मिळवण्याची परड्यूची १९८० नंतरची ती पहिलीच वेळ. त्याआधीच्या वर्षी, २०२३ मध्ये, अव्वल मानांकन असूनही हा संघ सोळावे मानांकन असलेल्या फेअरली डिकिन्सनकडून पहिल्याच सामन्यात हरला होता. त्या नामुष्कीतून सावरून अंतिम सामना गाठणाऱ्या संघाचा नायक होता उंचापुरा झॅक एडी. त्याच संघात मेसन गिलिस नावाचा खेळाडू होता. आधीच्या हंगामांत बहुतेक सामन्यांत पहिल्या पाचांत असणाऱ्या गिलिसने त्या वर्षी बाकावरून येण्याची भूमिका स्वीकारली. सरासरी साडेसहा गुण, तीन गुणांच्या फेकीत सुमारे ४७ टक्के यश आणि रिबाउंडसाठीची झटापट, हे त्याचे काम. ‘बिग टेन’ या विभागातील सर्वोत्तम राखीव खेळाडूचा, म्हणजे ‘सिक्स्थ मॅन’चा पुरस्कार त्याला मिळाला. ८ एप्रिल २०२४ रोजी कनेक्टिकटने परड्यूला ७५-६० असे हरवले. त्यानंतर गिलिस उरलेले एक वर्ष खेळण्यासाठी ड्यूक विद्यापीठात गेला. त्याचा सहकारी, बचावासाठी ओळखला जाणारा ईथन मॉर्टन, कोलोरॅडो स्टेटला गेला.

राखीव खेळाडू चाहत्यांना इतका जवळचा का वाटतो?

एनबीएमध्ये खेळाडू व्यावसायिक असतो, तो आज इथे तर उद्या तिथे हे गृहीतच असते. महाविद्यालयीन खेळाचे नाते वेगळे आहे. प्रेक्षकांत माजी विद्यार्थी असतात, गावकरी असतात, खेळाडूच्या वर्गात बसणारी मुले असतात. अठराव्या वर्षी आलेला बुजरा मुलगा चार वर्षांत कसा घडला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. एनबीएत जाण्याइतका गुणी खेळाडू अनेकदा वर्षभरात निघून जातो, म्हणून चार वर्षांचा सहवास बहुधा राखीव खेळाडूचाच घडतो. चेंडूसाठी जमिनीवर झोकून देणे, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम खेळाडूला रोखणे, सराव न चुकवणे या गोष्टी गुणफलकावर दिसत नाहीत, पण नियमित प्रेक्षकाला कळतात.

मग असा खेळाडू जातो का?

कारण मिनिटे मोजकी असतात. सामना ४० मिनिटांचा आणि मैदानात एका वेळी पाच जण. म्हणजे संघाकडे वाटायला एकूण २०० मिनिटे. अनेक दशके पुरुष संघाला १३ शिष्यवृत्त्या देता येत होत्या. महत्त्वाच्या सामन्यात प्रशिक्षक साधारण आठ-नऊ जणांवरच भिस्त ठेवतात. एडीसारखा खेळाडू एकटाच ३० हून अधिक मिनिटे घेत असेल, तर बाकीच्यांच्या वाट्याला काय उरते, याचा हिशेब सोपा आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा. गिलिस खेळत होता तेव्हाच्या नियमानुसार खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येत. व्यावसायिक खेळाडू पुढच्या वर्षी बघू म्हणू शकतो, महाविद्यालयीन खेळाडूचे घड्याळ मात्र थांबत नाही. करोनाच्या २०२०-२१ च्या हंगामात सर्वांना एक जादा वर्ष देण्यात आले. गिलिसच्या पाचव्या हंगामामागे हीच सवलत होती.

पूर्वीचे नियम काय होते?

विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या जुन्या नियमानुसार, पहिल्या श्रेणीतील एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या बास्केटबॉल खेळाडूला एक पूर्ण वर्ष सामन्यांबाहेर बसावे लागे. सराव करा, वर्गात बसा, पण सामना नाही. त्याहून जाचक बाब म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाशी बोलणी करण्यासाठीही आधीच्या विद्यापीठाची परवानगी लागे. आपल्याकडे क्रिकेटपटूला एका राज्याकडून दुसऱ्या राज्याकडे जाताना ना-हरकत प्रमाणपत्र लागते, तसाच हा प्रकार. मुंबईत पुरेशी संधी न मिळालेल्या अर्जुन तेंडुलकरने २०२२ मध्ये गोव्याची वाट धरली, तेव्हा हा शब्द मराठी वाचकांनी ऐकला होता.

पदवी पूर्ण केलेल्या खेळाडूला मात्र वर्षभर न बसता दुसरीकडे खेळण्याची वाट पूर्वीपासून होती. ही बाब महत्त्वाची आहे. गिलिस आणि मॉर्टन दोघेही पदवीधर होते. म्हणजे ज्या नव्या नियमांना चाहते बोल लावतात, त्यांच्याशिवायही या दोघांना जाता आले असते.

नियम कसे बदलले?

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ सुरू झाले. ही विद्यापीठांच्या वापरासाठीची एक माहितीयादी आहे. खेळाडूने लेखी कळवले की दोन कामकाजी दिवसांत त्याचे नाव यादीत घालणे विद्यापीठावर बंधनकारक झाले. त्यानंतर इतर प्रशिक्षक त्याच्याशी थेट बोलू शकतात. परवानगीचा अडसर संपला.

एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या संघबदलानंतर लगेच खेळण्याची मुभा मिळाली. दुसऱ्यांदा संघ बदलणाऱ्यांवरील निर्बंध डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयात अडकले. ओहायोसह काही राज्यांनी दावा केला आणि वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने निर्बंधाला स्थगिती दिली. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने नियमच बदलला. अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर खेळाडू कितीही वेळा संघ बदलू शकतो. पोर्टलमध्ये नाव घालण्याची मुदत मात्र आवळत नेण्यात आली. आधी ६० दिवस, मग ४५ आणि २०२५ मध्ये ३० दिवस. त्या वर्षी पुरुष बास्केटबॉलमधील पहिल्या श्रेणीच्या दोन हजारांहून अधिक खेळाडूंनी पोर्टलमध्ये नाव नोंदवले. या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. म्हणजे सरासरी प्रत्येक संघातून पाच-सहा जण.

यात पैशाचा वाटा किती?

मोठा आहे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा वापरून जाहिरातींतून कमाई करण्याची परवानगी मिळाली. जून २०२५ मध्ये ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ खटल्यातील तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली आणि विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे देण्याचा मार्ग मोकळा झाला. २०२५-२६ साठी प्रत्येक विद्यापीठाची, सर्व खेळ मिळून, मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांवरील मर्यादा गेली आणि पुरुष बास्केटबॉल संघात जास्तीत जास्त १५ खेळाडू अशी नवी मर्यादा आली.

त्यामुळे ‘पैशासाठी गेला’ हा आरोप आता पटकन होतो. पण पैशाचा मोठा वाटा तारांकित खेळाडूंकडे जातो. राखीव खेळाडूच्या निर्णयात पैशाबरोबरच खेळायला मिळणारा वेळ, घरापासूनचे अंतर आणि पुढे परदेशातील व्यावसायिक लीगमध्ये संधी मिळण्याची शक्यता हेही येते.

चाहत्यांचे दोन पक्ष काय म्हणतात?

पहिला पक्ष म्हणतो, संघाने त्याला घडवले, दुखापतीत सांभाळले, शिष्यवृत्ती दिली. आता तो तयार झाल्यावर दुसऱ्याने फळ का खावे? प्रत्येक वर्षी नवे चेहरे येणार असतील तर प्रेक्षकाने जीव कोणावर लावायचा? ही तक्रार पोकळ नाही. खेळाडू वाढताना पाहणे हाच या खेळाचा मोठा आनंद होता आणि तो खरोखर कमी झाला आहे.

दुसरा पक्ष विचारतो, प्रशिक्षकाला हा नियम आहे का? २०२३ मध्ये नामांकित प्रशिक्षक रिक पिटिनो आयोना विद्यापीठ सोडून सेंट जॉन्सला गेले. त्यांना कोणी वर्षभर बसवले नाही. त्यांच्या पाठोपाठ आयोनाचा वॉल्टर क्लेटन फ्लोरिडाला गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये फ्लोरिडाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले तेव्हा अंतिम टप्प्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फ्लोरिडाच्या पहिल्या पाचांतील चौघे दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले होते.

इथेच पहिल्या पक्षाची अडचण होते. येणाऱ्याचे स्वागत आणि जाणाऱ्याला दूषणे, हे एकाच तोंडाने करता येत नाही. परड्यूचे प्रशिक्षक मॅट पेंटर खेळाडू घरातच घडवण्यासाठी ओळखले जातात. तरी २०२४ च्या अंतिम सामन्यातील परड्यूच्या पहिल्या पाचांत सदर्न इलिनॉयमधून आलेला लान्स जोन्स होताच. त्याचे कौतुक करताना सदर्न इलिनॉयच्या चाहत्यांना काय वाटले असेल, हे कोणी विचारले नाही.

राखीव खेळाडू कोणती जोखीम पत्करतो?

या चर्चेत हा भाग सहसा राहून जातो. पोर्टलमध्ये नाव गेले की चालू सत्र संपल्यावर शिष्यवृत्ती थांबवण्याची मुभा जुन्या विद्यापीठाला असते. परत घ्यायचे की नाही, हे प्रशिक्षक ठरवतो. तारांकित खेळाडूकडे रांग लागते, राखीव खेळाडूला मात्र फोनची वाट पाहावी लागते. काहींना खालच्या श्रेणीत जावे लागते, काहींना संघच मिळत नाही. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, अशी गत होऊ शकते. पदवी अपुरी असेल तर जुन्या विद्यापीठातील सगळे श्रेयांक नव्या ठिकाणी धरले जातीलच असे नाही आणि अभ्यास लांबतो.

शिवाय प्रत्येक जाणे स्वखुशीचे नसते. ‘पुढच्या वर्षी तुला फार वेळ मिळेल असे वाटत नाही,’ एवढे प्रशिक्षकाने सांगितले तरी खेळाडूला अर्थ कळतो. बाहेर बातमी येते ती ‘खेळाडूने संघ सोडला’ अशीच. पोर्टलने खेळाडूला दार उघडून दिले, तसेच प्रशिक्षकालाही जागा रिकामी करून घेण्याची सोय करून दिली.

गिलिस आणि मॉर्टन यांना काय मिळाले?

ड्यूकमध्ये गिलिस पुन्हा बाकावरूनच आला. कूपर फ्लॅगसारख्या अठरा वर्षांच्या गुणी खेळाडूंच्या संघात तो अनुभवी हात होता. ड्यूकने २०२५ मध्ये अंतिम चार गाठले आणि उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटातील आघाडी गमावून ह्यूस्टनकडून ६७-७० असा पराभव पत्करला. सलग दोन वर्षे, दोन वेगळ्या संघांतून त्याने अंतिम चार पाहिले. योगायोग असा की त्याच स्पर्धेत परड्यूलाही ह्यूस्टननेच ६२-६० असे बाहेर काढले होते. मॉर्टनच्या कोलोरॅडो स्टेटने विभागीय स्पर्धा जिंकली, राष्ट्रीय स्पर्धेत मेम्फिसला हरवले आणि मेरीलँडविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी एका गुणाने सामना गमावला. दोघांपैकी कोणीही विजेता ठरला नाही, पण दोघांनीही उरलेले वर्ष उपयोगात आणले.

मग निष्ठा मोजायची कशी?

नियम पुन्हा मागे जाण्याची शक्यता धूसर आहे. न्यायालयांनी वारंवार खेळाडूंच्या बाजूने कौल दिला आहे. त्यामुळे चाहत्यांनाच आपली फूटपट्टी बदलावी लागेल. ‘शेवटपर्यंत राहिला का’ यापेक्षा ‘होता तोवर काय दिले’ हा प्रश्न अधिक न्याय्य आहे. पहिल्या पाचांतील जागा सोडून गिलिसने एक हंगाम बाकावरून काम केले आणि त्याच हंगामात परड्यूने ४४ वर्षांनी अंतिम चार गाठले. ते वर्ष परड्यूच्या खात्यावर जमा आहे, पुढचे वर्ष त्याचे स्वतःचे होते. जाणाऱ्याचा हिशेब मागताना विद्यापीठाने, प्रशिक्षकाने त्याला काय दिले आणि काय नाकारले, तेही त्याच वहीत लिहायला हवे.