हवेच्या पैशातून फुटपाथ

रस्त्यावर डांबर पडू लागलं की लोकांना वाटतं, काम सुरू झालं. ज्यांनी ती फाइल हलवलेली असते त्यांना ठाऊक असतं की हा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा टप्पा आहे. खरी धावपळ त्याआधी झालेली असते, पैसा कुठल्या योजनेतून येणार हे शोधण्याची. ठाणे-पालघर पट्ट्यात रस्त्यांचे प्रस्ताव तयार करण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. अंदाजपत्रकं, नकाशे, दाखले, त्रुटींची पूर्तता. त्यातले वसई-विरारचे किस्से मनाच्या जास्त जवळचे, कारण घर इथलंच. ते आज सांगतोय ते एका माणसासाठी: पायी चालणाऱ्यासाठी. इतक्या योजना पाहिल्या, पण त्याच्या नावाचं लेखाशीर्ष मला कधी सापडलं नाही.

आधी शहराची घडण सांगायला हवी. ३ जुलै २००९ रोजी वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि ५३ गावं एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. विकास आराखडा त्याच्याही आधीचा, सिडकोने केलेला, २००७ मध्ये मंजूर झालेला. म्हणजे रस्ते आराखड्यात एका काळातले, वस्ती दुसऱ्या काळातली आणि जमिनीच्या नोंदी त्याहून जुन्या. २०१५ मध्ये स्थानिक संस्था कर बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि सगळ्याच महापालिकांची मदार राज्याच्या भरपाईवर आणि मालमत्ता करावर आली. त्यातून पगार, पाणी आणि कचरा भागवून मोठा रस्ता करायचा तर बाहेरून निधी आणावाच लागतो.

सगळ्यात अनपेक्षित निधी आला तो हवेचा.

पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या नागरी समूहांसाठी वेगळा निधी ठेवला. महाराष्ट्रातले असे सहाच: बृहन्मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद आणि वसई-विरार. नाव वाचून पुण्या-नागपूरकडची मंडळी फोन करून विचारायची, ‘तुमचं वसई-विरार या यादीत कसं?’ लोकसंख्येने बसलं, इतकंच. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरातल्या अशा ४२ समूहांच्या हवेसाठी आयोगाने १२,१३९ कोटी रुपये सुचवले होते. अट अशी की हवेतल्या बारीक धूलिकणांचं, म्हणजे पीएम १० चं, वर्षाचं सरासरी प्रमाण कमी झालं पाहिजे आणि चांगल्या हवेचे दिवस वाढले पाहिजेत. आकडा हलला तर पैसा.

या निधीवर आमची पहिली चर्चा झाली तेव्हा बांधकामाची माणसं मागच्या खुर्च्यांवर होती. हवा म्हणजे पर्यावरणवाल्यांचा विषय, असा समज. कोणी झाडं सुचवली, कोणी धूळ बसवणारे पाण्याचे फवारे. मागून एक वयाने बराच मोठा, निवृत्तीला आलेला कनिष्ठ अभियंता उठला. तो म्हणाला, ‘साहेब, धूळ आकाशातून पडत नाही. डांबर जिथे संपतं आणि गटार जिथे सुरू होतं, त्या मधल्या मातीतून ती उठते. रिक्षा खाली उतरते, वर चढते, आणि माती घेऊन येते.’ त्याने फळ्यावर रस्त्याचा आडवा छेद काढला. मध्ये डांबर, दोन्ही टोकांना गटार, आणि दोन्हीकडे दीड-दोन मीटरची कच्ची पट्टी. खोलीतल्या प्रत्येकाने ती पट्टी रोज पाहिली होती. चिखलाच्या दिवसांत तिच्यावरून उड्या मारत स्टेशन गाठलं होतं.

भिंतीपासून भिंतीपर्यंत रस्ता पक्का करणं हे धूळ कमी करण्याचं काम म्हणून हवेच्या या निधीत मान्यच होतं. आणि आमच्या लक्षात आलं की ज्या मातीच्या पट्टीसाठी हवेचा पैसा मिळू शकतो, तीच पट्टी फुटपाथची जागा आहे. इतकी वर्षं ‘फुटपाथसाठी निधी द्या’ म्हटलं की उत्तर यायचं, आधी गाड्यांचा रस्ता पूर्ण करा. आता फुटपाथ धूळ प्रतिबंधक फरसबंदी म्हणून बसत होता. त्या संध्याकाळी आम्ही सगळे मनापासून आनंदलो होतो. त्या अभियंत्याला चहा पाजण्यासाठी रांग लागली.

अडचण पुढे दिसली. धुळीच्या हिशेबाला जमीन झाकलेली पुरते. ती उंच आहे की रस्त्याच्या पातळीला, याने पीएम १० मध्ये फरक पडत नाही. चालणाऱ्याला मात्र तोच फरक जीव वाचवणारा असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या मार्गदर्शिकेत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कर्बची उंची १५० मिलिमीटरपर्यंत सांगितली आहे. रुंदीचं कारण सरळ आहे, समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून गेल्या पाहिजेत. कर्ब गाळून नुसते पेव्हर ब्लॉक बसवले की दुसऱ्या दिवशी तिथे दुचाक्या उभ्या राहतात. म्हणून प्रत्येक अंदाजपत्रकात कर्बची बाब टिकवण्यासाठी भांडावं लागायचं. अंदाजपत्रक मर्यादेबाहेर गेलं की कात्री नेहमी कडेने चालते: आधी फुटपाथ, मग गटाराची झाकणं, मग झाडांचे आळे. मधल्या डांबराला कोणी हात लावत नाही.

या कात्रीवरचा उपाय मला मंत्रालयात मिळाला, तोही दुसऱ्याच एका योजनेच्या नस्तीवर. नकाशांची नळी घेऊन विरार लोकलने चर्चगेटला जायचं, हा आमचा नेहमीचा प्रवास. सकाळच्या गर्दीत ती नळी डोक्यावर धरावी लागते. डब्यातले लोक हसत हसत जागा करून देतात. त्या दिवशी ज्या कक्ष अधिकारी बाईंसमोर बसलो, त्यांनी दरसूची पाहिली, दाखले पाहिले आणि मग आडव्या छेदावर बोट ठेवलं.

‘यात माणूस कुठे चालतो?’

मी म्हटलं, ‘मॅडम, जागा कमी आहे. सध्या वाहनांच्या रुंदीतच धरलंय.’

‘मी नालासोपाऱ्याला राहते,’ त्या म्हणाल्या. ‘वाहनांच्या रुंदीतच चालते मी रोज. लेकीचा हात धरून.’

त्यांनी नस्तीवर त्रुटी लिहिली: पादचारी मार्गाचा तपशील सादर करावा. प्रस्ताव परत आला. वरिष्ठ माझ्यावर वैतागले, कारण मार्चअखेर तोंडावर होता. पण त्या एका ओळीची ताकद हळूहळू कळली. त्रुटी लेखी असते आणि तिची पूर्तताही लेखीच करावी लागते. एकदा पूर्ततेत लिहिलं की ‘दोन्ही बाजूंस १.८ मीटर पादचारी मार्ग प्रस्तावित आहे’, की नंतर खाली कोणालाही तो सहज छाटता येत नाही. पुढे मी प्रत्येक प्रस्तावासोबत फुटपाथचा छेद वेगळ्या पानावर, स्वतंत्र क्रमांक देऊन जोडू लागलो. वेगळं पान हरवलं तर लगेच कळतं.

निधीचा प्रस्ताव सगळ्यात जास्त अडतो तो एका साध्या दाखल्यावर: रस्त्याची जागा संस्थेच्या ताब्यात आहे. पश्चिम पट्ट्यातल्या गावांत हा दाखला मिळवणं म्हणजे इतिहास उकरणं. तिथले कितीतरी रस्ते वाड्यांमधून गेलेले. केळी आणि पानं बाजारात न्यायला बैलगाडी जावी म्हणून कुणाच्या आजोबांनी तोंडी शब्दावर पट्टी सोडलेली. सातबारा अजून त्याच घराण्याच्या नावावर. ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, रस्ता आहे, पण रुंदी लिहिली आहे ती एक आणि जागेवर मोजली की दुसरी.

अशाच एका वाटेच्या मोजणीला आम्ही गेलो. वाडीचे मालक, ऐंशीच्या घरातले, विहिरीच्या कट्ट्यावर बसलेले. टेप पसरताना त्यांनी थांबवलं.

‘किती रुंद करणार?’

‘बाबा, आराखड्यात नऊ मीटर आहे.’

‘मग माझं बावखल जाणार.’

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि समुद्राचं खारं पाणी विहिरींपासून लांब राहतं. त्यांनी आम्हाला ते दाखवलं, काठची झाडं दाखवली आणि म्हणाले, ‘रस्ता माझ्या बापाने दिलाय. परत मागत नाही. लेखी द्यायलाही तयार आहे. पण पोरंसोरं शाळेत चालत जातील एवढा करा. डंपर जाईल एवढा करू नका.’

त्यांचं म्हणणं प्रस्तावाच्या नमुन्यात बसत नव्हतं. आमच्यातला तरुण सर्वेक्षक तिथेच बसून आकडेमोड करू लागला. वाटेची आहे तीच रुंदी ठेवायची, बाजूचं उघडं गटार पक्कं करून त्यावर स्लॅब टाकायचा, आणि तो स्लॅब चालण्याचा मार्ग धरायचा. बावखलाला हात नाही. खर्च रुंदीकरणाच्या मानाने फारच थोडा. म्हाताऱ्या बाबांनी संमतिपत्रावर सही केली आणि आम्हाला वाडीतली केळी दिली. त्या कागदावर जितका विश्वास वाटला तितका मला फार थोड्या सरकारी कागदांवर वाटला आहे.

पूर्वेकडचे पाडे ही वेगळी कथा, कचेऱ्यांची आणि परवानग्यांची. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तोवर जिल्हा नियोजनाची फाइल घेऊन दक्षिणेला ठाण्याकडे जावं लागे. त्यानंतर उत्तरेला पालघरची गाडी धरायची. तुंगारेश्वरच्या पायथ्याशी वाट करायची तर अभयारण्य आहे, वनखात्याचं मत लागतं. मिठागरांतून जायचं तर मीठ आयुक्तांची, म्हणजे केंद्राची, जमीन. खाडीकडे तिवरं आली की किनारा नियमन, आणि २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापासून सार्वजनिक कामालाही न्यायालयाची परवानगी. यातली प्रत्येक अट योग्य कारणासाठी आहे, असंच मी मानतो. त्यांचा वेळ आधीच धरला नाही की निधीचं वर्ष उलटतं.

जुलै २०१८ मात्र विसरता येत नाही. ९ आणि १० तारखेला वसई पाण्यात गेली. गाड्या बंद, वीज बंद, मिठागर वस्तीतली शेकडो माणसं अडकलेली. नंतर महापालिकेने नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांना कारणं शोधायला नेमलं. आमच्यासारख्यांच्या कामात त्या पुराने एक शब्द मध्यभागी आणला: पातळी. जुन्या डांबरावर नवं डांबर, त्यावर आणखी एक थर, असं करत रस्ता घरांपेक्षा उंच होतो आणि पाणी घरात वळतं.

त्या पावसाळ्यानंतर एका चाळीत लेव्हल घ्यायला गेलो होतो. एका बाईने हाक मारली, ‘दादा, यंत्र ठेवा बाजूला, हे बघा.’ दाराच्या चौकटीला कोळशाने पुराची रेघ ओढलेली होती, खाली तारीख. मग तिने उंबऱ्याकडे बोट केलं. ‘लग्न होऊन आले तेव्हा तीन पायऱ्या चढून घरात यायचे. आता एक उतरते.’ बाकीच्या पायऱ्या रस्त्याने गिळल्या होत्या. आम्ही त्या चौकटीचा फोटो पट्टी लावून काढला आणि प्रस्तावाला जोडला. काँक्रीट करण्याआधी जुने थर खरवडून काढण्याची बाब नेहमी महाग म्हणून वगळली जाते. त्या फोटोमुळे तपासणीत कोणी तिच्यावर रेघ मारली नाही. यंत्राने घेतलेल्या शंभर पातळ्या सोबत होत्याच, पण बैठकीत सगळे बघत होते ते चौकटीकडे.

दरम्यान रस्त्याखालचं कामही थांबत नाही. सूर्या पाणी योजनेचं रोजचं १८५ दशलक्ष लिटर पाणी शहरासाठी ठरलं, त्याच्या वाहिन्या आल्या; गॅस, केबल रांगेत. आधी पाइप आणि मग डांबर हा क्रम पाळला तर बराच निधी वाचतो. एवढंच लिहून पुढे जातो, कारण यावर मी फार भांडलो आहे.

२०२५ मध्ये दोन निर्णय आले आणि माझ्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन खणखणले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वापरण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलं. इतकी वर्षं टिपणीत पादचाऱ्याची बाजू मांडताना आम्ही ‘सोय’ हा शब्द लिहायचो. आता ‘हक्क’ लिहिता येतो, आणि लेखा विभागाला त्याची किंमतही दिसते.

पंधराव्या आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ ची. त्यानंतरची पाच वर्षं सोळाव्या आयोगाची. पैशाच्या वाटा बदलतील, नमुने बदलतील. जून २०२० पासून शहर प्रशासकाकडे होतं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीने ११५ नगरसेवक परत आणले. त्यांच्यातल्या ज्यांना आपल्या प्रभागात फुटपाथ हवा आहे, त्यांनी पहिल्याच बैठकीत प्रत्येक रस्त्याचे तीन कागद मागावेत: ताब्याचा दाखला, दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांच्या पातळ्या, आणि माणूस कुठे चालतो ते दाखवणारा आडवा छेद. हे तयार असतील तर योजना हवेची निघो की पुराची, पाड्यांची की पर्यटनाची, प्रस्ताव आठवडाभरात जातो. तयार नसतील तर मोजणी सुरू होते तेव्हा फेब्रुवारी उजाडलेला असतो.